चुलीच्या जागी शेगडी

२० नोव्हेंबर, सोमवार

शेगडीबरोबर आलेल्या पुस्तिकेच्या शेवटी दहा कोरी पानं आहेत. वर छापलंय, 'देखभालीच्या नोंदी'. आधीच्या मालकाची खानावळ होती, ती बंद पडली. त्याने या पानांवर एक अक्षर लिहिलेलं नाही. खानावळ का बंद पडली ते यावरून कळतं. मी चौतीस वर्षं रस्तेखात्यात बर्फ हटवायची गाडी चालवली आणि रोज संध्याकाळी नोंद केली: किती बर्फ, किती मीठ, काय मोडलं. दहा पानं मला आठवडाभरही पुरायची नाहीत, म्हणून ही वही काढली.

तर नोंद अशी. आज एर्मेसने शेगडी बसवली. ही दाबलेल्या भुशाच्या गोळ्यांवर चालते. पोतं वर ओतायचं, बटण दाबायचं, बास. आत एक मळसूत्र फिरतं, ते गोळ्या वाटीत टाकतं, पंखा धूर ओढून बाहेर फेकतो. लाकडं फोडायला नकोत, वाहायला नकोत. एर्मेसने शेगडीच्या मागे, जमिनीलगत, भिंतीला मनगटाएवढं भोक पाडलं आणि बाहेरून जाळी लावली. भोकाविषयी त्याने बरंच काही सांगितलं, पण तेव्हा मी कॉफी करत होतो. कायद्याने लागतं म्हणे.

आदेल्माला अजून सांगितलेलं नाही. माझी बायको पाच आठवड्यांपासून इस्पितळात आहे. लाकडाच्या खोपटाच्या पायरीवरून कवळाभर सरपण घेऊन उतरताना पडली, खुब्याचं हाड मोडलं. तोल्मेत्झोला नवा खुबा बसवला आणि आता जेमोनाला तिला चालायला शिकवतायत. मी त्या वेळी घरी नव्हतो. असो.

१५ डिसेंबरला, शुक्रवारी, तिला सोडणार. त्या दिवशी ती दारातून आत येईल आणि घर उबदार असेल, लाकडाचा एक तुकडाही दिसणार नाही. तिची लोखंडी चूल शनिवारी भंगारवाल्याने नेली. उचलायला चार माणसं लागली. मी तेवढ्यात परसात काहीतरी काम काढलं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आज आदेल्माच्या खुर्चीत बसून ऊब कितपत पोचते ते बघितलं. गुडघ्याच्या वर उत्तम. घोट्यांना मात्र गार वारं लागत होतं. वाकून हात लावला तर त्या भोकातून अख्खा डिसेंबर आत येत होता!

आमच्या खोऱ्यात लहान मुलालाही ठाऊक आहे की सगळी दुखणी वाऱ्यातून येतात. माझी आई एक्याण्णवाव्या वर्षी गेली, तीसुद्धा वारं लागूनच, असं आम्ही घरचे सगळे मानतो. आणि इथे नवा खुबा घेऊन बाई येणार, तिच्या पायाशी उघडं भोक! एर्मेस पोरगा चांगला आहे, पण त्याचं लग्न झालेलं नाही.

रस्तेखात्याच्या जुन्या लोकरी कोटाची बाही कापली, गुंडाळी करून भोकात गच्च ठोकली, वर फळी बसवली, फळीला पांढरा रंग दिला. भिंतीत दिसतही नाही. खिडक्यांच्या फटींना नमद्याच्या पट्ट्या मी ऑक्टोबरातच चिकटवल्या आहेत. आता या घरात वारं शिरायचं म्हणजे त्याला दार ठोठावून परवानगी मागावी लागेल.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

काच काळी पडते. सकाळी पुसली की दुपारी चुलीच्या पोटासारखी. ज्योत आळशी आहे. पिवळी, लांब, धुरकट, इकडेतिकडे लोळते. पुस्तिकेत लिहिलंय की ज्योत 'आखूड, उजळ आणि चपळ' हवी. वाटीत अर्धवट जळलेल्या गोळ्यांचा ढीग साचतो.

सहाला आदेल्माचा फोन. रोज सहालाच येतो.

"लाकडं वाळलीयत का?" तिने विचारलं.

"खडखडीत."

"चूल ओढते का नीट? धुराडं झाडलंस?"

"ओढते. झाडलं."

"आणि वरची पाटी घासलीस? नाहीतर गंजते."

"आरशासारखी केलीय," मी म्हणालो.

मग म्हणाली, "छान." आज व्यायामाने दमली असावी.

२६ नोव्हेंबर, रविवार

शेजारची दीर्चे अंडी घेऊन आली. दर रविवारी ती बसने जेमोनाला आदेल्माला भेटायला जाते, त्याआधी माझ्याकडे डोकावते. दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात उभी राहिली आणि शेगडीकडे बघत तोंडावर हात ठेवला.

"अरे देवा! तार्चीझियो! तिच्या आईची चूल होती रे ती!"

"म्हातारी झाली होती."

"कोण, चूल की आदेल्मा?"

"दीर्चे, तिला यातलं काही सांगायचं नाही. तिला एकदम दाखवायचंय. शब्द दे."

"दिला," ती म्हणाली. "पण तू वेडा आहेस, हेही सांगून ठेवते."

लोक म्हणतात, दीर्चेच्या तोंडात तीळ भिजत नाही. मला तसा अनुभव नाही. नजरेला नजर देऊन तिने शब्द दिला.

ती पंधरा मिनिटं उंबऱ्यात उभी राहून बोलली, घरातली सगळी ऊब बाहेर गेली. एक गंमत झाली. तेवढा वेळ शेगडीतली ज्योत पांढरीशुभ्र होऊन ताठ उभी होती. दीर्चे गेली, दार लावलं, की पुन्हा लोळायला लागली. त्या बाईपुढे माझीही पाठ आपोआप ताठ होते, तेव्हा शेगडीला काय दोष द्यायचा?

२८ नोव्हेंबर, मंगळवार

दोष सापडला. दाराची दोरी!

शेगडीच्या दाराला आतून चारही बाजूंनी एक जाड, न जळणारी दोरी खोबणीत बसवलेली असते. दार लावलं की ती दाबली जाते आणि आतली हवा आत, बाहेरची बाहेर. पुस्तिकेत परीक्षा दिलीय. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरायची, दार लावायचं, पट्टी ओढायची. अडली तर दोरी ठीक. बिजागरीच्या बाजूला पट्टी फाटली पण सुटली नाही. खाली मुठीच्या कोपऱ्यात मात्र लोण्यातून सुरी निघावी तशी निघून आली. खानावळवाल्याने दोरी जन्मात बदललेली दिसत नाही. हात लावला तर चपटी, कडक, पापडासारखी.

तर चूक खानावळवाल्याची. मी उगीचच माझ्या हाताला दोष देत होतो.

३० नोव्हेंबर, गुरुवार

तोल्मेत्झोच्या दुकानात गेलो. गल्ल्यावरच्या बाईने विचारलं, "किती मिलीमीटर?"

"जाड द्या."

"जाड म्हणजे किती? जुनीचा तुकडा आणलाय का?"

मी बर्फाच्या गाडीच्या चाकांना साखळ्या बसवलेला माणूस. दोरीचा तुकडा घेऊन बाजारात फिरायचं? म्हटलं, "बारा द्या. जाड असली म्हणजे जास्तच घट्ट बसेल."

"बघा हं," बाई म्हणाली. तिचा सूर मला आवडला नाही.

१ डिसेंबर, शुक्रवार

बारा लागत नाही. दार मिटत नाही. गुडघा लावून ढकललं तर मुठीचा आकडा वाकला. आकडा ऐरणीवर ठेवून सरळ केला. शेगडी दिवसभर बंद, घरात तेरा अंश. आदेल्माला सांगितलं, स्वयंपाकघरात इतकं गरम होतं की मी बनियनवर बसलोय. ती म्हणाली, "जप. वारं लागेल."

२ डिसेंबर, शनिवार

पुन्हा दुकान. या वेळी जुनीचा तुकडा खिशात. बाईने दहाची दोरी दिली, आणि न मागता एक सल्लाही: "ओढून बसवू नका. ओढली की बारीक होते, मग कोपऱ्यात कमी पडते. ढकलत ढकलत बसवा. सांधा वर नको, खाली नको, बिजागरीकडे घ्या."

मी टोपी काढून आभार मानले. चूक झाली की मान्य करतो मी.

३ डिसेंबर, रविवार

सकाळी दार काढून मेजावर घेतलं, खोबणीतला जुना गोंद खरवडला. नवा गोंद घातला, दोरी बोटाने ढकलत, कोपऱ्यात चिमटीने गोळा करत बसवली. दार लावून चोवीस तास तसंच ठेवायचं. म्हणजे आजही आग नाही. दोन स्वेटर आणि टोपी घालून जेवलो. गॅसवर बटाटा-चीजचा फ्रीको केला, खालून करपला, वरून कच्चा. आदेल्मा चुलीच्या पाटीवर करते तेव्हा त्याला कडेने सोनेरी जाळी सुटते. ही शेगडी वर थंड असते, हे मी विकत घेताना ध्यानात घेतलं नव्हतं. म्हणजे तिच्यावर काही शिजत नाही. असो, गॅस आहे.

दीर्चे जेमोनाहून आली. "कशी आहे?" विचारलं. "मजेत," म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसायला लागली. अंडी पुरली का, एवढं विचारून गेली.

४ डिसेंबर, सोमवार

कागदाची पट्टी चारही बाजूंनी अडते! वर, खाली, डावीकडे, मुठीकडे. आठ जागी बघितलं, आठही जागी फाटली. शेगडी लावली. दोन तास काच स्वच्छ! मी खुर्ची ओढून समोर बसलो. चौतीस वर्षांत मी बर्फाने बंद झालेला घाटसुद्धा एवढ्या समाधानाने मोकळा केला नव्हता.

५ डिसेंबर, मंगळवार

काच काळी.

६ डिसेंबर, बुधवार

काळी. शिवाय शेगडी आता मध्येच शिट्टी मारून बंद पडते. बटणांशेजारच्या छोट्या पडद्यावर लाल अक्षरं येतात: 'ओढ अपुरी'. वाटीची भोकं तारेने टोकरली. राखेचा कप्पा झाडला. मागची धुराची नळी काढून ब्रश फिरवला, तिच्यातून दोन मुठी काजळी निघाली. पंख्याची पाती दात घासायच्या जुन्या ब्रशने घासली. दारातून धुराचा वास येणं बंद झालंय हे खरं. पण ज्योत तशीच, दुखणेकऱ्यासारखी. दोरी बदलण्याआधी निदान कशीबशी जळत तरी होती.

८ डिसेंबर, शुक्रवार

माउलीचा सण. चर्चमध्ये गेलो. काय मागितलं ते लिहीत नाही, पण तिथे शेगडीविषयी मागणं मागणारा गावातला मी पहिलाच असेन.

सहाचा फोन.

"नीवेस गाडी घेऊन येणार आहे मला न्यायला," आदेल्मा म्हणाली. नीवेस म्हणजे तिची बहीण, उदिनेला असते. "म्हणतेय, हिवाळाभर माझ्याकडेच राहा. लिफ्ट आहे, इमारत गरम असते. मी अजून काही बोलले नाही. काय सांगू तिला?"

नीवेसची खोली पाच वर्षांपासून तयार आहे. एकदा आदेल्मा तिथे गेली, लिफ्टची सवय झाली, खाली दुकान, समोर दवाखाना, की मार्चमध्ये परत कशाला येईल? या पायऱ्यांवर, या बर्फात? माझ्याकडे?

"तुला बरं वाटेल ते कर," मी म्हणालो.

"तुला मला काही सांगायचंय का, तार्चीझियो?"

"नाही. काय सांगायचंय? सगळं ठीक आहे."

"बरं," म्हणाली आणि ठेवला. मला वाटतं तिला उदिनेला जायचंच आहे आणि ती माझ्या तोंडून ऐकायला बघतेय.

१० डिसेंबर, रविवार

एर्मेसला फोन केला. तो पलीकडे ऑस्ट्रियात कामावर आहे, सोमवारी अठराला येणार. थंडी पडली की सगळ्यांच्या शेगड्या एकदम आजारी पडतात म्हणे.

"काका, दाराची दोरी?"

"नवी. कागद अडतो."

"वाटी? नळी? पंखा?"

"सगळं झाडलं."

"भोक मोकळं आहे ना? पानं, बर्फ?"

"थांब," म्हटलं. बाहेर जाऊन बघितलं. जाळी लख्ख. एक पानसुद्धा नाही. तसं त्याला सांगितलं.

"मग कमाल आहे," तो म्हणाला. "मग गोळ्या ओल्या असतील."

गोळ्यांची पोती स्वयंपाकघरात आणून रचली. ओल्या बिल्या काही नाहीत, हातात टणटण वाजतात. डोकं दुखतंय. चार-पाच दिवस झाले, रोज संध्याकाळी दुखतं. काळजीने असेल.

१२ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

सकाळपासून बर्फ. शेगडी तीन वेळा बंद पडली. दुपारी चार वाजता घरात बारा अंश. मी आदेल्माच्या खुर्चीत बसलो होतो. समोर, मोठी चूल होती तेवढा फरशीचा चौकोन शेगडीच्या कडेने बाकीच्यापेक्षा उजळ दिसतो. सत्तर वर्षं तिथे कुणी झाडलं नव्हतं. एकाएकी मला स्पष्ट कळलं, की शुक्रवारी मी माझ्या बायकोला बारा अंशांच्या घरात आणून बसवणार आहे, कशासाठी, तर मी हरलो हे मला सांगायला नको म्हणून.

सहा वाजले. फोन वाजला. तिने काही विचारायच्या आत मी बोलायला लागलो. एका दमात.

"आदेल्मा, मी तुझी चूल काढून टाकली. भंगारात गेली. परत मिळायची नाही, मी विचारून आलो, वितळवली त्यांनी. तिच्या जागी गोळ्यांची शेगडी आणली, जुनी, खानावळवाल्याची. ती जळत नाही. दोरी बदलली, दोनदा. सगळं केलं. घर गार पडलंय. मी रोज तुझ्याशी खोटं बोललो. तू नीवेसकडे जा. तिथे तुला ऊब मिळेल."

माझं अजून संपलं नव्हतं.

"आणि तू पडलीस त्या दिवशी सरपणाची पेटी भरायची माझी पाळी होती. मी बारमध्ये पत्ते खेळत होतो. अजून एक डाव, अजून एक डाव म्हणत बसलो. पेटी रिकामी होती म्हणून तू खोपटात गेलीस. मला वाटलं, लाकडंच नसली घरात, तर तुला पुन्हा..."

मी रडलो. वहीत नोंद ठेवायची तर पूर्ण ठेवावी.

"हे मला माहीत आहे," आदेल्मा म्हणाली. "पत्त्यांचं. पहिल्या दिवसापासून." तिचा आवाज नेहमीपेक्षा हलका होता. मला वाटलं होतं, ती ओरडेल. "आता हे सांग. तू कसा आहेस? खातोयस का?"

"खातोय. डोकं दुखतं संध्याकाळी."

"कधीपासून?"

"आठवडा झाला."

"शेगडी चालू आहे आत्ता?"

"आत्ताच लावलीय परत."

"तार्चीझियो, उठ आणि खिडकी उघड. आत्ता. फोन ठेवू नकोस, मला आवाज आला पाहिजे."

असा तिचा आवाज मी फार वर्षांत ऐकला नव्हता. उठलो. नमद्याच्या पट्ट्यांमुळे खिडकी चिकटली होती, खेचून उघडली. बर्फाचा वारा आत आला.

"उघडली?"

शेगडीत ज्योत उभी राहिली होती. आखूड, उजळ, चपळ. पुस्तिकेत आहे तशी.

"आदेल्मा," मी म्हणालो, "ती जळतेय."

"मग तिला श्वास घ्यायला हवा मिळत नव्हती. एर्मेसने भोक पाडलं नव्हतं का?"

"पाडलं ना. पण ते मी बुजवलं."

"का?"

"तुझ्या खुर्चीशी वारं येत होतं. तुझ्या खुब्याला लागलं असतं."

पलीकडे ती हसायला लागली. इतकी हसली, की कुणी नर्स धावत आली, तिला विचारते काय होतंय, आणि ही सांगतेय, "माझा नवरा, बाई, माझा नवरा!" मी आठ आठवड्यांत तिला हसताना ऐकलं नव्हतं.

"काय कोंबलंयस त्यात?" दम घेत तिने विचारलं.

"रस्तेखात्याच्या कोटाची बाही."

"काढ ती. आणि आजची रात्र खिडकी फटभर उघडी ठेवून, दोन गोधड्या घेऊन झोप. दीर्चेकडे विषारी वायू साचला की वाजणारा कार्बनचा भोंगा आहे, तो मागून आण आणि भिंतीला लाव. मी नीवेसला सांगते, शुक्रवारी मला घरी सोड."

"अगं पण घर अजून..."

"मला घरी यायचंय," ती म्हणाली. "आता यायचंय."

हे मला उमगलं नाही. मी खोटारडा, चूल घालवलेली, घर गार, आणि हिला आत्ताच यायची इच्छा झाली! बायकांचं गणित. आणि एर्मेसचं नाव मी तिला कधी सांगितलं, तेही आठवत नाही. बोलण्याच्या ओघात सांगितलं असेल.

फळी काढली, बाही ओढून काढली. तिच्यावर काजळीचा लवलेशही नव्हता. स्वच्छ, कोरडी, गच्च. काम चांगलं केलं होतं मी.

१३ डिसेंबर, बुधवार

घरात एकवीस अंश. काच दिवसभर स्वच्छ. डोकं दुखत नाही. दीर्चेने भोंगा दिला आणि मी काही सांगायच्या आत विचारलं, "बाही काढलीस ना?" या गावात भिंतींना कान आहेत. खिडकीच्या पट्ट्याही उचकटल्या.

१५ डिसेंबर, शुक्रवार

आली.

नीवेसने गाडी अगदी दाराशी लावली. मी पायऱ्यांवर मीठ टाकलं होतं, इतकं की त्यात मेंढीचं अख्खं मांस खारवून निघालं असतं. दोन कुबड्यांवर, एक एक पायरी. मी मागे हात पसरून. "पकडू नकोस," म्हणाली, "नुसता राहा तिथे."

स्वयंपाकघरात आली. कोट न काढता उजळ चौकोनापाशी उभी राहिली. शेगडीकडे बघितलंच नाही. भिंतीवर चुलीच्या धुराड्याचा काळा गोल उरलाय, त्यावर तळहात ठेवला.

"आईने मला याच जागी स्टुलावर उभं करून मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायला शिकवलं," ती म्हणाली. "चार वर्षांची होते मी."

"मला माहीत आहे."

"मला विचारायचंस, तार्चीझियो."

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. नाहीच म्हणाले असते. म्हणूनच तर विचारायचं असतं."

नीवेस खिडकीतून बाहेर बघायला लागली. आदेल्माच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती, दोन्ही हात कुबड्यांवर होते. मी पुसलं. तिने पुसू दिलं.

मग खुर्चीत बसली, शेगडीसमोर. बराच वेळ ज्योत बघत राहिली. "काच स्वच्छ आहे," म्हणाली. एवढंच. पायाशी वारं येत होतंच. मी गोधडी आणून तिच्या घोट्यांभोवती गुंडाळली. नीवेस संध्याकाळी एकटीच उदिनेला गेली.

१८ डिसेंबर, सोमवार

एर्मेस आला. मी त्याला सगळं सांगितलं, लपवलं नाही. तो इतका हसला की हत्यारांच्या पेटीवर बसला.

"काका, मी तुम्हाला त्या दिवशी दहा मिनिटं समजावलं होतं!"

"मी कॉफी करत होतो."

"साखर विसरला होतात तुम्ही त्यात, तेही सांगून ठेवतो."

त्याच्याकडे तोडगा आहे. भोकातून एक नळी थेट शेगडीच्या पाठीत जोडायची. मग ती बाहेरची हवा नळीतूनच घेते, खोलीत वारं येत नाही. पण नळी आखूड आणि सरळ हवी, आणि आत्ता भोकासमोर धुराची नळी आडवी येते. म्हणजे शेगडी आहे तिथून हलवायला लागेल: एक तर मेजाच्या बाजूला, नाहीतर खिडकीच्या बाजूला.

मला बघताक्षणी कळलं, मेजाच्या बाजूला. धुराडं जवळ, पोती ठेवायला कोपरा, येण्याजाण्याची वाट मोकळी. कुणीही शहाणा माणूस तेच करेल. मी खिशातून खडू काढला आणि फरशीवर रेघ मारायला वाकलो. एर्मेसने शेगडीला दुसरीकडून हात घातला.

आदेल्मा खुर्चीत मटार सोलत होती. एकाएकी मटार थांबले.

मी वाकलेला तसाच राहिलो. मग सरळ झालो. कमरेत कळ आली. खडू खिशात घातला.

"आदेल्मा," मी म्हणालो, "शेगडी कुठे ठेवू या? मेजाकडे की खिडकीकडे?"

तिने परात खाली ठेवली. माझ्याकडे अशी बघत राहिली, की मला वाटलं पुन्हा काही चुकलं.

"लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली," ती म्हणाली. "परत एकदा विचार."

एर्मेस शेगडी धरून उभा होता. मी परत विचारलं.